टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून आत कोण कोण गेलंय?

खारेवारे
मंडळी, माझी भाची रत्नागिरीला इतिहास घेऊन एमए करतेय. पुढच्या आठवड्यात मुंबईला येतेय. गेटवे, मरीन ड्राइव्ह वगैरे तिला नकोच आहे. "मामा, मला एशियाटिकचं ग्रंथालय बघायचंय आणि जमलं तर तिथे बसून वाचायचंय," असं तिने फोनवर सांगितलं. ऐकून फार बरं वाटलं.

प्रश्न दोन आहेत. सभासद नसलेल्या विद्यार्थिनीला तिथे काय बघता येईल, काय वाचता येईल? आणि दिवसभर फोर्टातच काढायचा तर त्या इमारतीच्या आजूबाजूला काय काय दाखवावं?

जाता जाता माझं मतही मांडतो. या शहराने टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिकची इमारत, पायऱ्यांपुरताच ठेवलाय. लग्नाआधीचे फोटो, सिनेमातली कोर्टाची दृश्यं, संध्याकाळच्या गप्पा, सगळं पायऱ्यांवर. आत लाखाहून जास्त ग्रंथ आहेत हे त्या पायऱ्यांवर बसलेल्या किती जणांना ठाऊक असेल? माझं चुकत असेल तर सांगा, वाद घालायला मी तयार आहे.

अबोली
छान विषय. प्रतिसाद वाचत राहीन.

जुना_फोर्टकर
माझी सगळी नोकरी हॉर्निमन सर्कलच्या आसपास झाली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक घोळ निस्तरू. त्या एका इमारतीत दोन ग्रंथालयं आहेत. एक एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईचं. ते सभासदांचं आहे, पण अभ्यासकाला रीतसर विचारून संदर्भासाठी बसता येतं. दुसरं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. ते महाराष्ट्र शासनाचं, म्हणजे तुमचं-आमचं. बरेच लोक दोन्हींना मिळून 'एशियाटिक' म्हणतात आणि सभासदत्व नाही म्हणून बाहेरच्या बाहेर परत जातात.

मध्यवर्ती ग्रंथालयाचं महत्त्व मोठं आहे. १९५४च्या कायद्याप्रमाणे देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, दिल्ली पब्लिक लायब्ररी आणि आपलं हे टाऊन हॉलमधलं. १९५६च्या दुरुस्तीनंतर वर्तमानपत्रं आणि नियतकालिकंही त्यात आली. भाचीला मराठी छापील साहित्य चाळायचं असेल तर तिला आधी इथे न्या.

महाविद्यालयाचं ओळखपत्र आणि मार्गदर्शक प्राध्यापकांचं पत्र बरोबर असू द्या. आदल्या दिवशी फोन करून वेळा विचारून घ्या.

दगडू_वाचनालयवाले
+१. प्राध्यापकांचं पत्र असलं की बोलणं सोपं जातं. आणि नुसतं "जुनी पुस्तकं बघायचीत" म्हणू नका. विषय, साल, ग्रंथाचं नाव कागदावर लिहून न्या. ग्रंथपाल मंडळी नेमक्या प्रश्नावर खुलतात.

कुलाबाकाठ
पायऱ्यांबद्दलच्या मताशी असहमत. या शहरात फुकटात, कुणी न उठवता, सावलीत बसायला किती जागा उरल्यात? तीस पायऱ्या, वर ग्रीक धाटणीचे आठ डोरिक खांब, समोर बागेतली झाडं. एखादा मुलगा तिथे बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, एखादं जोडपं बोलत बसतं, कुणी डबा खातं. सार्वजनिक इमारतीचा याहून चांगला उपयोग कोणता? आज जो पायरीवर बसतो तो कधीतरी दारही ढकलेल.

खारेवारे
@कुलाबाकाठ, बसायला माझी हरकत मुळीच नाही. दार ढकलत नाहीत एवढंच दुःख आहे.

मोडीप्रेमी
दार ढकलण्याचा इतिहास मजेशीर आहे, म्हणून लिहितो.

सोसायटीची सुरुवात १८०४ची. सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी परळच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन केली. तिला जागा हवी, शहरालाही सभागृह हवं, म्हणून टाऊन हॉलची कल्पना पुढे आली. पैशासाठी लॉटरी काढली. एवढ्याने भागलं नाही, मग सरकारने हात लावला. कर्नल थॉमस कूपर यांचा आराखडा, आणि इमारत पुरी व्हायला १८३३ साल उजाडलं. त्या वेळी सभासद सगळे गोरे. माणकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना आधी नाकारलं आणि शेवटी १८४०मध्ये घेतलं. ते पहिले भारतीय सभासद.

त्यानंतरचा बदल बघा. बाळशास्त्री जांभेकरांनी ताम्रपट आणि शिलालेखांवरचे निबंध याच संस्थेच्या नियतकालिकात लिहिले. डॉ. भाऊ दाजी लाडांनी इथेच प्राचीन लेखांवर काम केलं, त्यांच्या पोथ्यांचा संग्रह आजही संस्थेत आहे. आणि १८९२मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग अध्यक्ष झाले, पहिले भारतीय अध्यक्ष. ज्या दारात एका भारतीयाला थांबवलं होतं, त्या घराचा कारभारी बावन्न वर्षांनी भारतीय झाला. भाचीला आत एके काळचा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याचा पुतळा दिसेल, तसा नाना शंकरशेटांचाही दिसेल. दोन्ही पुतळ्यांपुढे थोडा वेळ थांबा.

अबोली
@मोडीप्रेमी, सुंदर प्रतिसाद. तेलंगांबद्दल हे माहीत नव्हतं.

चिपळूणची_चिंगी
भाची रत्नागिरीची आहे ना? मग तिला काण्यांची गोष्ट सांगाच! भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे आमच्या पेढे-परशुरामचे. मुंबईत वकिली करता करता 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिला. पहिला खंड १९३०चा, शेवटचा १९६२चा. साडेसहा हजारांवर पानं! त्यामागचं वाचन बऱ्याच अंशी याच ग्रंथालयातलं. आमच्या गावचा माणूस रोज या पायऱ्या चढत होता, या विचाराने मला आजही भरून येतं.

दगडू_वाचनालयवाले
आणि दुर्गाबाई! दुर्गा भागवतांचं नाव घेतल्याशिवाय एशियाटिकचा धागा पुरा होणार नाही. कुठल्या विद्यापीठाची कायमची खुर्ची नाही. वर्षानुवर्षं येऊन बसायचं आणि वाचायचं. लोकसाहित्य, बौद्ध वाङ्मय, ऋतू, पाककृती, सगळ्यावर त्या अधिकाराने लिहू शकल्या त्याच्या मुळाशी ही बैठक होती. ग्रंथालय माणूस घडवतं याचा मराठीत याहून मोठा दाखला मला तरी सापडत नाही.

टांकसाळ
इटालियन कवी दान्तेच्या पोथीबद्दल कुणीच कसं बोललं नाही? 'डिव्हाइन कॉमेडी'ची जुनी हस्तलिखित प्रत, एल्फिन्स्टनने दिलेली. मुसोलिनीने दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीने नाही म्हटलं, असं म्हणतात.

मोडीप्रेमी
ती येणारच होती! वर्तमानपत्रात एशियाटिक आलं की मुसोलिनी आलाच. पण दान्तेच्या नादात घरच्या गोष्टी मागे पडतात. महाभारताच्या आरण्यक पर्वाची १५१६ सालची सचित्र पोथी इथे आहे, सिकंदर लोदीच्या काळात आग्र्याजवळ लिहिलेली. मुघल चित्रशैली यायच्या आधी उत्तरेत चित्रं कशी काढत होते हे सांगणारी ही पोथी आहे. त्यावर सालही आहे, म्हणून तर ती अभ्यासकांना सोन्याहून मोलाची. नाण्यांमध्ये कुमारगुप्ताचं सोन्याचं नाणं, अकबराची मोहोर आणि शिवाजी महाराजांची नाणी आहेत.

नालासोपारा_फास्ट
आमच्या गावाचं राहिलं! १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला. आत दगडी पेटी, पेटीत तांब्याचा डबा, त्यात एकात एक करंडक, सर्वात आतला सोन्याचा. भोवती बुद्धांच्या छोट्या मूर्ती. आणि करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले. हे सगळं टाऊन हॉलमध्ये आहे. सकाळी विरारच्या गाडीला लटकणाऱ्या आमच्यासारख्यांना कुणी सांगत नाही, की तुमचं गाव एके काळी समुद्रापारच्या व्यापाराचं बंदर होतं आणि त्याचा पुरावा चर्चगेटहून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बुद्धपौर्णिमेला लोकांना त्याचं दर्शन सहज घडायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कुलाबाकाठ
@नालासोपारा_फास्ट, हा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला.

जुना_फोर्टकर
आता दुसऱ्या प्रश्नाकडे. परिसर.

पायऱ्यांवर उभं राहून समोर बघायचं. ते गोल उद्यान म्हणजे हॉर्निमन सर्कल. किल्ल्याच्या तटाआत असताना ते मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. तिथे कापसाच्या गाठी रचलेल्या असायच्या. कापूस पुढे कुलाब्याला हलला आणि नंतर शिवडीकडे. हार्बर लाइनवरचं कॉटन ग्रीन स्टेशन त्याच कापसाच्या बाजाराचं. मैदान रिकामं पडल्यावर तिथे कचरा साचायला लागला. मग १८६०च्या दशकात चार्ल्स फोर्जेटच्या कल्पनेतून ही गोलाकार वस्ती आखली गेली. हा फोर्जेट म्हणजे १८५७ साली मुंबईचा पोलीसप्रमुख असलेला माणूस. मधे बाग, भोवती एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारती, खाली कमानींची सावली. ऊन-पावसात त्या कमानींखालून चालत गेलात की बांधणाऱ्याची अक्कल कळते.

नाव आधी एल्फिन्स्टन सर्कल, स्वातंत्र्यानंतर हॉर्निमन. बेंजामिन हॉर्निमन हे 'बॉम्बे क्रॉनिकल'चे इंग्रज संपादक. रौलट कायद्याविरुद्ध आणि पंजाबातल्या अत्याचारांबद्दल लिहिलं म्हणून १९१९मध्ये त्यांच्याच सरकारने त्यांना हद्दपार केलं. एका गव्हर्नराचं नाव काढून एका पत्रकाराचं नाव द्यावं, हा निर्णय मला फार आवडतो.

त्याच गोलात लाल रंगाची इमारत दिसेल, ती 'मुंबई समाचार'ची. १८२२ला फर्दुनजी मर्झबान यांनी सुरू केलेलं गुजराती पत्र, आजही रोज निघतं.

शेअरखान_नव्हे
आणि वडाचं झाड! १८५०च्या दशकात टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली मूठभर दलाल जमायचे. तिथून सरकत सरकत ते आताच्या दलाल स्ट्रीटला पोचले आणि १८७५मध्ये त्यांची रीतसर संघटना झाली. शेअर बाजाराची सुरुवात ग्रंथालयाच्या दारातली आहे हे आमच्या ऑफिसात कुणाला सांगितलं तर पटत नाही.

टांकसाळ
माझ्या नावाला जागतो. टाऊन हॉलला लागूनच टांकसाळ आहे, १८२०च्या दशकात बांधलेली. आपल्या खिशातल्या नाण्यावर सालाखाली हिऱ्याच्या आकाराची खूण दिसली तर ते नाणं मुंबईचं. भाचीला हे घरीच करून बघता येईल.

मागच्या बाजूला नौदलाचा तळ आहे, आयएनएस आंग्रे. मूळ बॉम्बे कॅसल त्याच्या आत. सामान्य माणसाला आत सोडत नाहीत, पण बाहेरून जाताना नाव जरूर वाचावं. ज्या कान्होजी आंग्र्यांच्या धास्तीने कंपनीवाले या किल्ल्यात जागत बसायचे, त्यांचंच नाव आज त्या किल्ल्याला मिळालंय.

चिपळूणची_चिंगी
@टांकसाळ, वा! कोकणाने मुंबई घेतली म्हणायची.

सावली
सेंट थॉमस कॅथेड्रल विसरू नका, सर्कलपासून दोन मिनिटांवर. जेराल्ड ऑन्जिएने १६७६मध्ये पाया घातला, मग काम चाळीसेक वर्षं पडून राहिलं आणि १७१८च्या नाताळात ते उघडलं. तटाच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट यायची तो चर्चगेट. तट पाडला, दरवाजा गेला, स्टेशनाला नाव राहिलं. मुंबईतली अंतरं एके काळी याच चर्चपासून मोजत, मैलाचे काही दगड अजून रस्त्याकडेला सापडतात. आत भिंतींवरच्या संगमरवरी स्मृतिशिला वाचा. विशीत-तिशीत तापाने गेलेले सैनिक, बोटीवर वारलेल्या बायका. इतिहासाच्या विद्यार्थिनीला त्या भिंती एखाद्या दप्तराइतकं सांगतील.

गिरगावचा_गुरु
एक वेगळं मत मांडू का? टाऊन हॉल बघायला भव्य, पण बसून वाचायचा आनंद घ्यायचा तर काळा घोडा गाठा. डेव्हिड ससून ग्रंथालय. १८४७मध्ये टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या तरुण कामगारांनी तंत्रविषयक वाचनासाठी संस्था काढली, तिथून याची सुरुवात. डेव्हिड ससूनने साठ हजार दिले आणि १८७०मध्ये पिवळसर मालाडी दगडाची इमारत झाली. वरच्या व्हरांड्यातल्या लांब हातांच्या आरामखुर्च्या, खाली रहदारी आणि मागे चक्क बाग! एशियाटिक गव्हर्नर-न्यायाधीशांनी काढलं, ससून यंत्रावर काम करणाऱ्यांनी. माझा कल कुठे हे कळलंच असेल.

आणि त्या टप्प्यात बघायला कमी नाही. शेजारी वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा आहे. १८९६च्या ७ जुलैला लुमिए बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा तिथे दाखवली. समोर जहांगीर कलादालन. जरा आत निळं केनेसेथ इलियाहू सिनेगॉग, तेही ससून घराण्याचंच, १८८४चं. चौकात २०१७पासून स्वाराशिवायचा घोडा उभा आहे. मूळचा स्वार सातवा एडवर्ड १९६५पासून राणीच्या बागेत आहे.

मोडीप्रेमी
@गिरगावचा_गुरु, कामगारांनी काढलेल्या ग्रंथालयाबद्दल पूर्ण आदर. पण आपण दोन वेगळ्या गोष्टींची तुलना करतोय. ससूनमध्ये वाचक निवांत बसतो. एशियाटिकमध्ये अभ्यासक एका तळटिपेच्या मागे दिवस घालवतो. शहराला दोन्ही लागतात.

गिरगावचा_गुरु
मान्य. मग राजाबाई टॉवरही यादीत घ्या. घड्याळ सगळे बघतात, पण त्याच्या पोटात विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयाला दोन लाख आणि मनोऱ्याला दोन लाख दिले, मनोऱ्याला आईचं नाव दिलं. मनोरा १८७८मध्ये पुरा झाला. वाचनकक्षाच्या रंगीत काचा बघून मान दुखली तरी हरकत नाही. टाऊन हॉल, ससून, राजाबाई, वाटेत दादाभाई नौरोजी रस्त्यावरचं पेटिट इन्स्टिट्यूट. चालत जाता येईल अशा अंतरात एवढी देखणी ग्रंथालयं देशात दुसरीकडे कुठे आहेत ते कुणीतरी सांगा.

दादरकर
मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचं नाव अजून कसं आलं नाही? १८९८ची संस्था. आणि ठाण्याचं त्याहून जुनं, १८९३चं. डोरिक खांब नसतील, पण मराठी वाचक तिथे घडला.

जुना_फोर्टकर
अगदी खरं, पण भाचीचा दिवस फोर्टात जायचाय. दादरसाठी वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देतो.

खादाड_बोका
जेवणाचं कुणी बोललंच नाही. टाऊन हॉलपासून बॅलार्ड इस्टेट जवळ. ब्रिटानियामध्ये बेरी पुलाव. उशीर करू नका. खाल्ल्यावर बॅलार्ड इस्टेटच्या शांत रस्त्यांवर फिरा. समुद्र हटवून केलेली जमीन आणि जॉर्ज विटेटने लावलेली शिस्त. गेटवे ऑफ इंडियाही त्याचंच काम.

अमेरिकेतली_मावशी
इथे बफेलोजवळ बसून हा धागा वाचतेय. पीएचडीच्या वेळी मला मुंबई इलाख्यातला एक जुना अहवाल हवा होता. एशियाटिकने आपले दुर्मीळ ग्रंथ 'ग्रंथ संजीवनी' नावाने संगणकावर आणलेत, त्यात तो मिळाला. पिवळ्या कागदावरचे डागसुद्धा स्पष्ट दिसत होते. भाचीला यायच्या आधीच तिथे शोध घ्यायला सांगा. जे तिथे मिळेल त्यासाठी मुंबईतला वेळ घालवू नका, जे तिथे नाही तेच प्रत्यक्ष मागा. म्हणजे जुनी पानं विनाकारण उलटलीही जाणार नाहीत.

आणि ज्यांना ऐपत आहे त्यांनी ग्रंथ दत्तक घेण्याच्या योजनेची चौकशी करावी. तुमच्या देणगीतून एका जीर्ण ग्रंथाची दुरुस्ती होते. मुंबईची दमट हवा आणि कसर यांच्याशी ही मंडळी रोज झुंजतात.

अबोली
मावशी, दत्तक योजनेची कल्पना फार आवडली. आमच्या भिशीतल्या बायकांपुढे हा विषय नक्की मांडते.

खारेवारे
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

भाचीशी बोलणं झालं. तिच्या प्रबंधाचा विषय कोकणातली जुनी बंदरं आहे, त्यामुळे सोपाऱ्याचा प्रतिसाद तिने दोनदा वाचून घेतला. ग्रंथ संजीवनीवर शोध सुरू केलाय. बेत असा: सकाळी हुतात्मा चौक मेट्रोला उतरायचं, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांना नमस्कार करायचा, कॅथेड्रल बघून टाऊन हॉल. दुपारपर्यंत मध्यवर्ती ग्रंथालय, मग बेरी पुलाव, परत येऊन एशियाटिक. काळा घोडा दुसऱ्या दिवशी, कारण वाचायला बसली तर ती उठणार नाही.

एकच शंका उरली. जुन्या गॅझेटियरमधल्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्हावार माहितीच्या ग्रंथांमधल्या, पानांचे फोटो काढू देतात का?

दगडू_वाचनालयवाले
परस्पर मोबाइल काढू नका. काउंटरवर विचारा, अर्ज भरायला सांगितला तर भरा. फ्लॅश तर अजिबात नको. आणि रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटियरसाठी खेटे घालायची गरज नाही. १८८०चा तो खंड शासनाने पुन्हा छापलाय. तिने ठाणे जिल्ह्याचे खंड मागावेत, सोपारा त्यात आहे.

नालासोपारा_फास्ट
ठाण्याच्या चौदाव्या खंडात बघा, स्थळांची माहिती त्यात आहे. आणि स्तूप बघायचा असेल तर रविवारी इकडे या, स्टेशनवर घ्यायला मी येतो.